डिस्चार्जनंतरचे तीन महिने

मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्याच्या दवाखान्यातून पक्षाघाताचा रुग्ण घरी सोडतात तेव्हा नातेवाइकांच्या हातात एक डिस्चार्ज कार्ड पडतं. त्यावर औषधांची यादी ठसठशीत असते. कुठली गोळी सकाळी, कुठली रात्री, जेवणाआधी की नंतर, सगळं नीट लिहिलेलं असतं. यादी संपली की खाली, बहुधा शेवटच्या ओळीत, 'फिजिओथेरपी चालू ठेवावी' असं एक वाक्य असतं. किती आठवडे, दिवसातून किती वेळा, कोणी करायची, घरातल्या कोणी शिकून घ्यायची, काय मुळीच करायचं नाही, याचा पत्ता नसतो. 'रक्तदाबाची गोळी चालू ठेवावी' एवढंच लिहून गोळीचं नाव आणि मात्रा लिहिली नाही, तर मेडिकलवाला कागद परत करेल. व्यायामाच्या बाबतीत मात्र असला मोघमपणा आपण सगळेच चालवून घेतो. हे पुस्तक त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे.

मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांचं ओझं आपल्या देशात किती वाढलं, याचा हिशेब २०२१ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. आजारपण आणि अकाली मृत्यू यांमुळे वाया गेलेल्या आयुष्याच्या वर्षांत या विकारांचा (संसर्ग आणि अपघात वगळून) वाटा १९९० साली ४ टक्के होता, तो २०१९ साली ८.२ टक्क्यांवर गेला. या विकारांत सगळ्यात मोठा हिस्सा पक्षाघाताचा. माणसं जास्त जगू लागली, साखर आणि रक्तदाब घरोघर झाले, त्याचं हे फळ. सांगली आणि सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांतही चित्र वेगळं असण्याचं कारण नाही. चावडीवर, एस.टी.च्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत 'त्याच्या अंगावरनं वारं गेलं' हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस इथे सापडायचा नाही.

वारं गेलं की पुढे काय होतं तेही ठरल्यासारखं असतं. दवाखान्यातले आठ-दहा दिवस उधारउसनवारीचे. घरी आलं की तेल सुरू होतं. निर्गुंडीचं, महानारायण, नाहीतर कुणी आणून दिलेल्या बिननावाच्या बाटलीतलं. कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगतं. कुणी जीप करून दूरच्या एखाद्या गावी नेतं, तिथे झाडपाला देणारा माणूस असतो आणि दारात रांग असते. या सगळ्याची टिंगल करण्यात मला रस नाही. तेल चोळल्याने सहसा कुणाचं वाईट होत नाही, आणि हतबल माणसाला काहीतरी करत राहावंसं वाटणं स्वाभाविक आहे. तक्रार एवढीच की या धावपळीत जे दिवस जातात, ते मेंदूच्या हिशेबात फार किमती असतात. ते का, याकडे येतोच.

पहिल्या काही तासांबद्दल आता बरंच लिहिलं-बोललं गेलं आहे, म्हणून इथे थोडक्यात. रक्ताच्या गुठळीमुळे झालेला पक्षाघात असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर नळी घालून गुठळी काढता येते. निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो, हे २०१८ सालच्या दोन अभ्यासांनी दाखवलं. उपचार न झाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक गाजलेला हिशेब आहे. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं बोबडं झालं तर १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात थेट पोचायचं. वाटेत दुसरीकडे कुठे सलाईन लावून घेण्यात तास घालवायचा नाही. जतच्या पूर्व भागातून मिरज किंवा कोयनेच्या पलीकडून कराड गाठायचं तर साडेचार तास हा काही फार मोठा अवधी नव्हे.

पण या पुस्तकाचा विषय त्यानंतर सुरू होतो. जीव वाचला, आता जगायचं कसं?

या प्रश्नाचा आपल्या मुलखाशी संबंध जुना आहे. मिरजेला विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून बेळगाव-विजापूरपासून कोकणापर्यंतचे रुग्ण मिरज स्टेशनवर उतरत आले. १९६२ साली तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. मिरजेचं रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयही जुनं. मज्जातंतूंवर घाला घालणारा आजार म्हणून कुष्ठरोगाकडे आपण पाहत नाही, पण बधिर झालेला तळवा आणि आखडलेली बोटं हा मज्जातंतूंचाच प्रश्न असतो; तिथे शस्त्रक्रियेइतकाच आधीचा आणि नंतरचा व्यायाम महत्त्वाचा, हे त्या क्षेत्रातल्या लोकांनी फार आधी ओळखलं होतं. कराडला कृष्णा रुग्णालयाच्या परिसरात आज वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर फिजिओथेरपीचंही महाविद्यालय आहे.

मुंबईत या विद्येची सुरुवात पोलिओमुळे झाली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. १९५५ साली हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था निघाली. पोलिओ गेला, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. त्याच्यासाठी उभी राहिलेली विद्या मात्र उरली, आणि ती आता पक्षाघात, डोक्याचा मार, मणक्याची इजा, कंपवात यांच्या कामाला लागली आहे.

आणि सांगली जिल्ह्यातलंच एक नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे नेता येणार नाही. मुंबई-बंगळूर हमरस्त्यावरचा पेठ नाका सगळ्यांना माहीत आहे; इस्लामपूरजवळच्या त्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात या जवानाला गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेतलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला आणि मग कुठे घराघरात नाव पोचलं.

चित्रपटात जिद्द दिसते, आणि ती होतीच. पण मला या गोष्टीत दुसरंही काही दिसतं. पेटकरांना गोळी लागली तेव्हा त्यांच्यामागे सैन्य होतं. रुग्णालयात महिनोन्‌महिने ठेवून घेणारी व्यवस्था होती, तलाव होता, चाकाची खुर्ची होती, शिकवणारा माणूस होता. मणक्याच्या रुग्णांना खेळाकडे वळवण्याची कल्पना त्याआधी वीसेक वर्षं इंग्लंडमध्ये लुडविग गुटमन यांनी रुजवली होती. १९४४ साली स्टोक मँडेव्हिलला त्यांनी विभाग सुरू केला तेव्हा अशा जखमी सैनिकांचं आयुष्य महिन्यांत मोजत. मरण मणक्याच्या इजेने येत नसे. ते अंथरुणाला खिळल्यामुळे होणाऱ्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने येई. गुटमनांचा पहिला इलाज साधा होता: दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. १९७४ साली पुण्याजवळ खडकीला मणक्याच्या इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र निघालं, त्यामागेही हाच विचार होता. त्याच पेठ गावात आज एखादा गडी आंब्यावरून पडून मणका मोडून घेईल, तर जिद्द त्याच्याकडेही असेल. रात्री दोन वाजता उठून त्याची कूस बदलणारं माणूस कोण, हा खरा सवाल. घराघरांतून या सवालाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: बायको, आई, नाहीतर सून.

आता संशोधनाकडे. गेल्या वीस वर्षांत मेंदूच्या पुनर्वसनावर जे काही सिद्ध झालं, त्यातला आपल्या उपयोगाचा मोठा भाग अपयशी प्रयोगांचा आहे. वर्तमानपत्रांत बातमी येते ती मेंदूला तारा जोडून चालू लागलेल्या माणसाची. ते काम खरं आहे आणि थक्क करणारंही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांनी २०२३ साली मेंदूचे संदेश थेट मणक्याच्या खालच्या भागाला पोचवून एका रुग्णाला चालवून दाखवलं. पण विट्याच्या किंवा वडूजच्या माणसाला त्यातून उद्या काही मिळणार नाही. त्याला मिळेल ते फसलेल्या प्रयोगांतून, कारण ते त्याचे पैसे वाचवतात.

अमेरिकेतला 'लीप्स' नावाचा अभ्यास घ्या. २०११ साली प्रसिद्ध झाला. पक्षाघाताच्या ४०८ रुग्णांपैकी काहींना पट्ट्यांनी अंग तोलून धरणाऱ्या महागड्या ट्रेडमिलवर चालायला लावलं; काहींच्या घरी फिजिओथेरपिस्ट जाऊन ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे साधे व्यायाम करून घेत होता. वर्षाने पाहिलं तर दोन्हीकडे निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण चांगले चालत होते. यंत्राने जास्त काही दिलं नाही. इंग्लंडमध्ये ७७० रुग्णांवर हाताच्या रोबोटची परीक्षा झाली, निकाल २०१९ साली आला: नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचं काम सुधारलं नाही. फ्लुऑक्सेटिन ही नैराश्याची गोळी दिली तर हातापायांत ताकद लवकर येते, असं २०११ च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं आणि अनेक ठिकाणी ती सुरू झाली. २०१८ साली तीन हजारांहून जास्त रुग्णांवर तपासलं, तर ताकद येत नाही आणि हाडं मात्र जास्त मोडतात, असं निघालं. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी 'मेंदूच्या ताकदीची' सिटिकोलिन इंजेक्शनं २०१२ साली २,२९८ रुग्णांवरच्या अभ्यासात खोट्या औषधापेक्षा वरचढ ठरली नाहीत. या इंजेक्शनांचं बिल पाहिलेल्या घरांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. पण ते वाचून रक्तदाबाची, साखरेची किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करू नये. त्या गोळ्या दुसरा झटका टाळतात आणि त्यांचा पुरावा भक्कम आहे.

मग कशाने फरक पडतो? मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण आजूबाजूचा भाग ते काम शिकू शकतो, आणि तो शिकतो एकाच रीतीने: तीच हालचाल, खऱ्या कामासाठी, पुन्हा पुन्हा करून. हे बोलायला सोपं आहे. २००९ साली कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांत बसून मोजलं की व्यायामाच्या एका सत्रात रुग्णाचा लुळा हात कामाची हालचाल प्रत्यक्षात किती वेळा करतो. सरासरी आली ३२. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदू बदललेला दिसतो, तिथे रोजच्या आवृत्त्या चार-सहाशे असतात. सातारा-सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. दिवसाला बत्तीस बैठका मारणाऱ्या पोराला तालमीतला वस्ताद काय म्हणेल, ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि काम खरं असावं लागतं. दवाखान्यात रुग्णाच्या हातात रबरी चेंडू देतात आणि तो दिवसभर दाबत बसतो. मूठ तर आपसूकच वळत असते. अडतं ते उघडण्यापाशी. त्यापेक्षा शेंगा फोडणं, हळकुंडं वेचून एका डब्यातून दुसऱ्यात टाकणं, पेला धरून सोडणं, दोन्ही हातांनी परातीत पीठ मळणं याने हाताला जे शिकायचं ते शिकायला मिळतं. आयुष्यभर भाकऱ्या थापलेल्या बाईच्या मेंदूत ती लय इतकी खोल असते की तिच्याकडून तेच काम करवून घेण्यासारखा व्यायाम नाही. फक्त चुलीजवळ नव्हे, खाली बसवून आणि सुरुवातीला नुसत्या पिठाच्या गोळ्यावर. चांगला हात बांधून ठेवून लुळ्या हातालाच काम करायला लावण्याची पद्धत तर २००६ च्या 'एक्साइट' अभ्यासात २२२ रुग्णांवर उपयोगी ठरली आहे. अट एवढीच, की त्या हातात थोडीतरी हालचाल शिल्लक हवी. हात अगदीच निर्जीव असेल तर हा मार्ग त्याच्यासाठी नाही.

घाईचंही एक प्रकरण आहे. लवकर उठवलं तर लवकर बरा होईल, म्हणून पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार उभं करायचं, असा एक जोरदार मतप्रवाह होता. पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर 'ॲव्हर्ट' नावाची चाचणी झाली; २०१५ साली निकाल लागला, तो उलटा. फार लवकर आणि फार जास्त उठवलेल्यांत चांगले बरे झालेले ४६ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५० टक्के. त्याच आकडेवारीचा पुढे आणखी कस काढल्यावर दिसलं की थोडं थोडं पण अनेकदा उठवणं चांगलं, एकदम खूप वेळ नको.

सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०२१ सालचा एक लहानसा अभ्यास. अमेरिकेत अलेक्झांडर ड्रोमेरिक आणि सहकाऱ्यांनी ७२ रुग्णांना घेतलं. नेहमीच्या उपचारांशिवाय काहींना हाताच्या सरावाचे वीस तास जास्तीचे दिले; फक्त ते केव्हा द्यायचे हे चिठ्ठीने ठरवलं. काहींना पहिल्या तीस दिवसांत, काहींना साठ ते नव्वद दिवसांच्या दरम्यान, काहींना सहा महिन्यांनंतर. सगळ्यात जास्त फायदा मधल्या गटाला झाला. पहिल्या महिन्यातल्यांनाही झाला, पण कमी. सहा महिन्यांनंतरच्यांत ठळक फरक दिसला नाही. ७२ हा आकडा छोटा आहे, यावर शेवटचा शब्द अजून यायचा आहे. तरीही दिशा स्पष्ट दिसते.

आता हे आपल्या घरावर बसवून बघा. पहिल्या महिन्यात घर भरलेलं असतं. पाव्हणे येतात, मुंबई-पुण्याचा मुलगा रजा टाकून आलेला असतो, फिजिओथेरपिस्ट रोज येतो. दुसऱ्या महिन्यात मुलगा परत जातो. पैसा संपत आलेला असतो. ऊस तोडणीला आलेला असतो किंवा द्राक्षबागेच्या छाटणीची घाई असते. घरातलं प्रत्येक धडधाकट माणूस रानात. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग 'आता तुम्हीच करून घ्या'. म्हणजे मेंदू शिकायला सगळ्यात तयार असतो, नेमके त्याच दिवसांत आपण हात सोडतो. रुग्ण सोप्यातल्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडतो आणि घरचे म्हणतात, 'यांची आता इच्छाच राहिली नाही.'

'तुम्हीच करून घ्या' हे किती चालतं, याचंही उत्तर आपल्याच देशात शोधलं गेलं. 'अटेंड' ही चाचणी भारतातल्या १४ रुग्णालयांत झाली, १,२५० रुग्ण, निकाल २०१७ सालच्या 'लॅन्सेट'मध्ये. कल्पना फार आकर्षक होती: फिजिओथेरपिस्ट थोडे, कुटुंबं मोठी, तर घरच्या माणसाला शिकवून घरीच पुनर्वसन करवून घ्यावं. सहा महिन्यांनी मोजलं. शिकवलेल्या कुटुंबांत मृत किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण ४७ टक्के. न शिकवलेल्यांत ४७ टक्के. काडीचाही फरक नाही. कुटुंब निरुपयोगी ठरलं असा याचा अर्थ मी लावत नाही. दवाखान्यात थोडेच दिवस शिकवून सगळा भार सुनेच्या पदरात टाकला तर तो पेलत नाही, असा लावतो. तिला धुणीभांडी आहेत, जनावरं आहेत, पोरांच्या शाळा आहेत. त्यात रोजच्या शेकडो आवृत्त्या कुठून आणणार? तिला मदतनीस म्हणता येईल. तिलाच फिजिओथेरपिस्ट करून मोकळं होणं हा सरकारचा आणि डॉक्टरांचा कामचुकारपणा आहे.

शिवाय न शिकवता टाकलेला भार इजाही करतो. रुग्णाला कॉटवरून उठवताना जवळपास प्रत्येक घरात त्याचा लुळा हात धरून ओढतात. त्या खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांध्यात हाड खाली उतरतं, आणि महिन्याभरात खांदा असा ठणकू लागतो की रुग्ण कुणाला हात लावू देत नाही. मग व्यायाम बंद. उठवताना हात धरायचा नाही. कमरेला आधार द्यायचा, शक्यतो कमरेला पट्टा किंवा घट्ट गुंडाळलेला टॉवेल बांधून तो धरायचा. दाराच्या चौकटीला टांगलेली पुली, चांगल्या हाताने ओढून लुळा हात वर न्यायची, ही आपल्याकडे अजूनही मोठ्या हौसेने बसवली जाते. पक्षाघाताच्या रुग्णाला ती देऊ नये, असं अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे, कारण तिने खांद्याचं दुखणं वाढतं. दारावरची पुली आजच काढून ठेवा.

हातापायापलीकडचं नुकसान घरच्यांच्या लक्षात येत नाही, त्याबद्दल या पुस्तकात मुद्दाम जागा दिली आहे. एक गोष्ट जेवणाच्या ताटावर दिसते. आपल्या वाढण्यात डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, लिंबाची फोड. उजवीकडे भाजी, आमटी. मेंदूच्या उजव्या बाजूला मार लागलेल्या काही रुग्णांसाठी जगाची डावी बाजू नाहीशीच होते. डोळे ठीक असतात, पण डावीकडे काही आहे याची दखल मेंदू घेत नाही. असा माणूस भाजी पुसून खातो, अर्धी भाकरी तशीच ठेवतो आणि 'चटणी वाढलीच नाही' म्हणून बायकोवर चिडतो. ताट अर्धं फिरवलं की चटणी 'उगवते'. घरचे याला हट्ट समजतात, चेष्टा समजतात, म्हातारचळ समजतात. हा मेंदूचा दोष आहे, स्वभावाचा नव्हे. त्याला डावीकडे बघायची सवय लावावी लागते: ताटाच्या डाव्या कडेला लाल फडकं ठेवून, त्याच्या डाव्या अंगाला बसून बोलून, प्रत्येक घासाला 'डावीकडची कड बघा' म्हणून. आणि असा माणूस चालू लागला तरी त्याला एकट्याला रस्ता ओलांडू देऊ नये.

डाव्या मेंदूला मार लागला तर अनेकदा वाचा जाते. पाणी हवं आहे हे सांगता येत नाही असा वारकरी भजनात मात्र सगळ्यांबरोबर अभंगाची ओळ म्हणून जातो, हे लोणंद-फलटणकडे अनेकांनी पाहिलं असेल; हा चमत्कार नव्हे. पाठ असलेलं, तालावरचं बोलणं आणि मनातलं नवं वाक्य जुळवणं यांच्या वाटा मेंदूत एकसारख्या नसतात. सूर आणि ताल यांच्या आधाराने शब्द परत आणण्याची रीत १९७० च्या दशकापासून वापरात आहे. वाचा गेलेल्या माणसाला समजतही नाही असं धरून त्याच्या देखत त्याच्या जमिनीच्या वाटण्या बोलू नयेत. बहुतेक वेळा त्याला बरंच समजत असतं. पक्षाघातानंतर दर तिघांतल्या एकाला केव्हा ना केव्हा नैराश्य येतं, आणि 'इच्छाच राहिली नाही' हे पुष्कळदा उपचार करता येण्याजोगं लक्षण असतं.

बाकीच्या आजारांबद्दल थोडंच सांगतो, कारण प्रत्येकावर स्वतंत्र लिहावं लागेल. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, दोनशेहून जास्त रुग्ण झाले. बातम्या व्हेंटिलेटरवर थांबल्या. या आजारात बहुतेक जण सावरतात, पण सावरायला महिने लागतात, आणि थकलेल्या स्नायूंना फार रेटूनही चालत नाही. त्या महिन्यांची बातमी कुणी केली नाही. डोक्याच्या माराबद्दल तर एकच सांगण्यासारखं आहे: हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावले तर इथल्या काही तरुणांवर पुनर्वसनाची वेळच येणार नाही. कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांसाठी पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ जे करतं, भेटी, सहली, व्यायाम, अगदी नाचसुद्धा, तसं काही सांगली-साताऱ्यात उभं राहायला हवं. त्याला इमारत लागत नाही. खाजकुयलीच्या बियांत लेवोडोपा खरोखरच असतं, आणि म्हणूनच तिची पूड डॉक्टरांना न सांगता गोळ्यांच्या जोडीला घेऊ नये. त्यात मात्रा किती आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं.

व्यवस्थेकडून काय मागायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत; पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार त्यात नावानिशी आहेत, आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सवलती लागू होतात. प्रमाणपत्र काढून घ्या. सरकारी आरोग्य योजनांचा भर मात्र दवाखान्यात दाखल असतानाच्या उपचारांवर आहे, आणि हा आजार घरी गेल्यावर सुरू होतो. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट, आणि त्याच्या कामात घरी जाऊन बघणं धरलेलं, एवढं झालं तरी कराडला एखादा रोबोट आणण्यापेक्षा जास्त माणसं चालू लागतील. मोबाइलवरून देखरेख करूनही भागतं: २०१९ साली अमेरिकेत १२४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, घरी बसून, निम्मी सत्रं स्क्रीनवर फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली ठेवून केलेला हाताचा व्यायाम दवाखान्यात येऊन केलेल्या व्यायामापेक्षा कमी पडला नाही. पाटणच्या डोंगरातल्या किंवा आटपाडीच्या माळावरच्या घरासाठी याचा अर्थ मोठा आहे. अट 'नजरेखाली' ही आहे; व्हिडिओ पाठवून दिला म्हणजे झालं, असं नव्हे.

सहा महिने उलटले म्हणून दार बंद झालं, असंही कुणी समजू नये. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मज्जाविकारांच्या रुग्णालयात तीन आठवड्यांत नव्वद तास हाताचा सराव देतात. तिथे येणाऱ्यांपैकी अनेकांना पक्षाघात होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं आणि तरीही त्यांचे हात सुधारतात. पुढचं सगळं लेखन वाचताना हे ध्यानात असू द्यावं. उशिरा मिळवायचं ते जास्त घाम गाळून मिळवावं लागतं, इतकंच.

ज्यांच्या घरात सध्या असा रुग्ण आहे त्यांना एक विनंती. ताकदीच्या इंजेक्शनांवर, बिननावाच्या तेलांवर आणि जीपच्या भाड्यावर जाणारा पैसा बाजूला काढून ठेवा. फिजिओथेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा की दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यातही रोज यायचं आहे, आणि दर वेळी किती आवृत्त्या झाल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून जायचं आहे.